साहेबांकडे अडकलेला झगा

मी झगा बोलतोय. काळा, ढगळ, बाह्या पार गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या. मला वकिलाचा डगला समजू नका, आणि पाद्र्याचा तर मुळीच नको; दोन्ही गैरसमजांना मी कंटाळलोय. मी पदवीचा झगा आहे. मुंबईच्या पदवीदान समारंभात मी अंगावर नसलो तर दारातून आत सोडत नाहीत, मग तुम्ही कितीही शिकलेले असा.

वडगावच्या एका मागावर माझं कापड विणलं गेलं आणि बेळगावच्या कॅम्पातल्या शिंप्यानं मला शिवलं. इथल्या मिशन शाळेतली हुशार पोरं पाद्री साहेब मुंबईला मिशनच्या कॉलेजात धाडत. पोरं बी.ए. होत, पण झगा कुणाकडेच नसे. म्हणून साहेबांनी सगळ्यांत मिळून एकच करून घेतला आणि एक रीत घालून दिली. नव्या पदवीधरानं आधीच्याच्या घरी जायचं, आणि आधीच्यानं आपल्या हातानं मला त्याच्या खांद्यावर टाकायचं. शिपायाकडून पाठवायचं नाही, खुंटीवरून परस्पर न्यायचं नाही.

या रीतीमुळे पुढे कोण काय झालं ते मला आयतं बघायला मिळालं. पहिला मष्णू. तो मिशन शाळेतच मास्तर झाला. त्याच्याकडून मला न्यायला बोरगावचा भुजबली आला. त्याची आई चंपाबाई पक्की जैन. माझ्या गळ्याला लावलेली रेशमी पट्टी बघून ती म्हणाली, "किडं मारून केलेलं माझ्या लेकाच्या अंगाला नगं." तिनं पट्टी उसवली आणि सुती काठ लावला. मुंबईत कुणाच्या लक्षातही आलं नाही. भुजबली निपाणीत वकील झाला. पुढे आणखी काही आले. एक शाळा-तपासणीस झाला, एक आफ्रिकेत जाऊन रेल्वेत लागला. लोक माझ्याकडे बघून म्हणायचे, झग्यानं माणूस मोठा होतो. मी खांद्यांवर बसलेलो असल्यामुळे मला ठाऊक होतं, आत सगळ्यांना सारखाच घाम फुटलेला असायचा.

मग भुजबलीच्याच हातून मी कंग्राळीच्या ज्योतिबाकडे आलो. हो, तो आफ्रिकेवाला जाताना मला भुजबलीकडे सोपवून गेला होता. ज्योतिबा शेतकऱ्याच्या घरातला, हुशार, भिडस्त. तो मामलेदार झाला आणि सगळे त्याला साहेब म्हणू लागले. बरीच वर्षं नवा पदवीधर आला नाही. मग एके दिवशी त्यांच्या बंगल्यावर चंदना आली. निपाणीचे तंबाखूचे व्यापारी कलगोंडा यांची लेक, त्याच कॉलेजात शिकून बी.ए. झालेली. आमच्या भागातली पहिलीच मुलगी. आजोळी, बोरगावात, तिला मुलींची शाळा काढायची होती. पण गावची शहाणी माणसं म्हणत, पोरीची पदवी म्हणजे काय खरी पदवी? मामलेदारसाहेबांनी रीतीप्रमाणे झगा दिला तर या लोकांची तोंडं बंद होतील आणि शाळेला जागा मिळेल, ही तिची आशा.

"ये बाळ," म्हणत साहेबांनी मला पेटीतून काढलं, उलगडलं, आणि तिथेच त्यांचा हात अडला. ओसरीवर कामं घेऊन आलेली माणसं बसली होती. सगळे बघत होते. परक्याच्या लेकीच्या खांद्याला हात लावायचा, तोही चारचौघांत!

"कलगोंडा अण्णा, तुमीच टाका की," साहेब म्हणाले.

"म्या कसा टाकू, सायेब? मला सही बी धड येत न्हाय. रीत तुमची हाय न्हवं?"

"मग टेबलावर ठेवतो. तिनं उचलून घ्यावा."

चंदना हलली नाही. ती साहेबांना म्हणाली, "अण्णा, भुजबली अण्णांनी तुमाला असाच टेबलावरनं दिलता का?"

साहेबांनी मला टेबलावर ठेवलं.

"मग मलाबी तसा नको. चला आप्पा."

ती दोघं फाटकाबाहेर गेली. मी टेबलावर पडून होतो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मुंबईत तिनं एका पारशी मुलीचा झगा घटकाभर मागून घेतला आणि पदवी घेतली, असं पुढे कधीतरी साहेबांना भेटायला आलेल्या भुजबलीच्या तोंडून कळलं. बोरगावात मात्र व्हायचं तेच झालं. "सरकारी माणसानंच दिला न्हाय, मग काय खरं हाय?" म्हणत गावानं जागा नाकारली. तिनं वडिलांच्या तंबाखूच्या वखारीत शाळा सुरू केली. पोरी शिंकत शिंकत बाराखडी म्हणायच्या म्हणे. हे ऐकून साहेब पान न लावताच उठून गेले.

मी कपाटात गेलो. डांबराच्या गोळ्यांचा वास अंगात मुरला. नवे पदवीधर झाले, पण ती गोष्ट कानावर गेल्यावर साहेबांच्या दारात कोण जाणार? ते मुंबईत भाड्यानं झगा घेऊ लागले. साहेबांना बढत्या मिळाल्या, मानपत्रं मिळाली. बायको मला उन्हात घालायची तेव्हा ते मान फिरवायचे. कपाटात झिजायला होत नाही, पण थकायला होतं. अंगावर वावरणारं कापड इतकं थकत नसावं.

मग देश स्वतंत्र झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी साहेबांनी, आता पेन्शनीत निघालेल्या म्हाताऱ्यानं, मला पंच्यात गुंडाळलं आणि मोटारीनं बोरगाव गाठलं. शाळेला आता स्वतःची कौलारू इमारत होती. चंदनाबाई गणित शिकवत होत्या. दाराशी अंबुबाई बसली होती. घरोघर फिरून पोरींना शाळेत आणायचं काम तिचं.

"चंदनाबाई," साहेब उंबऱ्यातच म्हणाले, "तवा माझा हात अडला. लई वरसं झोंबतंय मला. आज ह्या समद्यांदेखत टाकतो."

बाईंनी खडू खाली ठेवला. जवळ येऊन माझ्या काठावरून बोटं फिरवली. मला वाटलं, आता. आता तरी.

"अण्णा, तुमी आलासा, लई बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "पर मी आता घालणार न्हाय. ह्या पोरींनी बघितलं तर त्यास्नी वाटंल, कुणी सायेब येऊन खांद्यावर टाकंस्तवर बाईमाणसाची पदवी खरी न्हवं."

"मग मी ह्येचं काय करू?"

"द्या हिकडं." बाईंनी मला झटकलं, अंबुबाईला उभं केलं आणि आपल्या हातानं मला तिच्या खांद्यावर टाकलं.

"अगं बया! बाई, म्या अडाणी. ह्यो सायबाचा हाय!"

"पावसापाण्यात पोरी गोळा करत हिंडतीस. एक तरी पोरगी तुझ्याबिगर आली असती का? ऱ्हाऊ दे अंगावर."

अंबुबाई बारकी. मी तिच्या एका खांद्यावरून घसरलो. ज्योतिबासाहेब पुढे झाले आणि वर्गातल्या सगळ्या पोरींदेखत, आपल्या हातानं त्यांनी मला तिच्या खांद्यावर नीट बसवलं.

तेव्हापासून मी बोरगावच्या गल्ल्यांतून हिंडतो. चिखल उडतो, कुपाटीचे काटे लागतात, बाह्या विरल्यात. थकवा गेलेला नाही, आणि चंदनाबाईंच्या खांद्यावर मी कधीच पडलो नाही हे दुःखही गेलेलं नाही. ज्या एकीला मी खरोखर हवा होतो, तिला मी हवा होतो तेव्हा मिळालो नाही. आता माझे फार दिवस उरले नाहीत. फाटलो की माझं पायपुसणं करा, पोतेरं करा, काय वाटेल ते करा. पण लोक काय म्हणतील म्हणून मला परत कपाटात ठेवू नका.