किती थेंब

“भूगोल घे,” आई म्हणाली. “भूगोलाच्या वर्गात वारा छान येतो.”

लेकीने फॉर्म पुन्हा तिच्यापुढे सरकवला. ऐच्छिक विषयांच्या यादीत रसायनशास्त्रापुढच्या चौकटीत तिने खूण केली होती, तीही शाईने. खाली पालकाच्या सहीची जागा रिकामी होती.

“वाऱ्यासाठी कुणी विषय घेतं का? उद्या शेवटची तारीख आहे, आई.”

“मग चित्रकला घे. रसायनाने हात खराब होतात. हे बघ माझे.”

“तुझे नळ्या घासून झालेत.”

हे खरे होते, म्हणूनच लागले. त्याच शाळेच्या प्रयोगशाळेत आई बावीस वर्षे परिचर होती. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्या भरायच्या, ट्रे मांडायचे. मुले तिला मावशी म्हणत. कशात काय टाकले की कोणता रंग येतो, हे तिला पाठ होते. कुणाचे चुकत असले की ती जाता जाता भुवई उडवी आणि मूल सावरे. या काळात रसायनाचे तीन शिक्षक आले नि गेले, निकाल मात्र हलला नाही. त्याचे श्रेय तिघांनी आळीपाळीने घेतले. तिच्या वेळी विषय निवडायचा प्रश्नच आला नव्हता. घरात एकालाच शिकवायचे ठरले, तेव्हा वडिलांनी विषयाऐवजी भाऊ निवडला.

आणि आता तिच्याच टेबलांवर तिचीच मुलगी शिकायला बसणार होती. शेजारणीच्या मुलीचा हेवा वाटला, तर चारचौघींत बोलून मन मोकळे करता येते. पोटच्या पोरीचा वाटला तर तो सांगायचा कुणाला?

“तुला आनंद नाही का झाला?”

“मला काय धाड भरलीय,” म्हणत आईने सही केली. पेन इतके दाबले की सही खालच्या वर्तमानपत्रावरही उमटली.

पहिल्या प्रात्यक्षिकाला मुलगी चौथ्या टेबलाशी होती. आईने पुढ्यात ट्रे ठेवला.

“थँक्यू, मावशी,” मुलगी म्हणाली. शेजारी मैत्रीण होती, सगळा वर्ग तसेच म्हणत होता. तिचे काही चुकले नाही. आईने सरळच असलेला ट्रे आणखी सरळ केला.

मोरचुदाच्या पाण्यात अमोनिया थेंबाथेंबाने टाकायचा होता. आधी फिकट निळा गढूळपणा येतो. तरी न थांबता टाकत राहिले, तर गढूळपणा जाऊन गर्द निळा, आरपार रंग येतो. मुलगी गढूळपणापाशीच थांबली. तिने नळी उजेडाकडे धरली, मग आईकडे पाहिले.

बावीस वर्षांत अशी नजर भुवईवाचून परत गेली नव्हती. आज आईला बेसिनमध्ये धुण्यासारखे काहीतरी सापडले.

“हे काय, कपड्यांची नीळ कालवलीस?” सर म्हणाले. वर्ग हसला.

आईला बरे वाटले. किती बरे वाटले याची लाजही वाटली. पण लाजेने बरे वाटणे काही कमी झाले नाही.

घंटा झाली. सर गेले, मुले गेली. मुलगी मात्र बेसिनपाशी येऊन उभी राहिली.

“तुला माहीत होतं ना?”

“होतं.”

“सगळ्यांना सांगतेस. मघाशी त्या मागच्या ढ गोळ्यालाही सांगितलंस.”

“त्याचा मला हेवा नाही वाटत,” आई म्हणाली, आणि आपण काय बोललो ते स्वतःलाच ऐकू आल्यासारखा तिने नळ बंद केला.

मुलीने आपली नळी घेतली, अमोनियाची बाटली ओढली.

“किती थेंब?”

“मोजायचे नसतात. टाकत राहा. अजून. घाबरतेस काय, अजून टाक.”

गढूळपणा विरला. नळीत गर्द निळे, स्वच्छ पाणी उभे राहिले.

“असं का होतं गं?” आईने विचारले. “इतकी वर्षं बघतेय. विचारू कुणाला? सगळे मलाच विचारतात.”

मुलीने दप्तरातून पुस्तक काढले. आईने हात कोरडे केले आणि फळ्यापाशी बोलावलेल्या मुलीसारखी ती समोर उभी राहिली. मुलीने पाने पुढे उलटली, मागे उलटली, शेवटी अनुक्रमणिका पाहिली.

“का होतं ते पुढच्या वर्षी आहे, आई.”

“असू दे,” आई म्हणाली. “मी कुठे पळून चाललेय.”

आणि ती एक नळी बाजूला ठेवून तिने बाकीच्या धुवायला घेतल्या.