मुखरूच्या मापाचा स्वेटर

आमचा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या दिवाळीनंतर माझा साखरपुडा झाला. मुलगा गडचिरोलीचा, लाकडाच्या डेपोत कारकून, नाव मुखरू. मी त्याला पाहिलं ते सतरंजीवर बसलेला, अंगात जाडा कोट आणि मान खाली. लाजायचं काम माझं होतं, ते त्यानेच केलं. आधी दोन ठिकाणांहून मला नकार आला होता, म्हणून आमच्या आरमोरीच्या घरात सगळे हरखून गेले होते. माझे वडील, दादाजी, तर भर बाजारात लोकांना थांबवून जावयाची नोकरी सांगत होते.

थोड्याच दिवसांत मुखरूच्या आईने, रुखमाबाईंनी, नागपूरहून मागवलेली लोकर पाठवली. विटकरी आणि हिरवी. मी दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून विणकाम शिकले आहे, हे माझ्या आईने बैठकीत उठताबसता ऐकवलं होतं, त्याचं हे फळ. निरोप असा की, मुखरूसाठी अर्ध्या बाह्यांचा स्वेटर विणावा, पण दोन्ही बाजूंनी घालता येईल असा. एकीकडून विटकरी, उलटला की हिरवा. मापाला त्याचा एक सदरा सोबत होता.

असा स्वेटर म्हणजे डोक्याला ताप. दोन्ही धागे एकाच सुयांवर चालवायचे. विटकरी टाका सुलट, त्याला लागून हिरवा उलट. सुलट टाक्याला दोन्ही धागे मागे न्यायचे, उलट टाक्याला दोन्ही पुढे आणायचे. एकदा विसरलं की, एका रंगाचा धागा दुसऱ्याच्या तोंडावर येऊन बसतो आणि सगळं उसवावं लागतं. नीट जमलं तर एकाला एक लागून दोन स्वेटर तयार होतात, आणि जाडीही दोन स्वेटरांची.

माप घ्यायला मी सदरा उलटा करून पसरला आणि माझा हात थांबला. दोन्ही बगलांखालची शिवण आत घेतलेली होती. तिच्या बाहेर जुन्या शिवणीची भोकं दिसत होती, आणि त्याच्याही बाहेर आणखी जुनी रांग. दोनदा आत घेतला होता सदरा. आत दुमडलेलं कापड बाहेरच्याइतकंच विटलेलं, म्हणजे तो रुंद असताना बरेच दिवस वापरलेला होता. मोठ्या भावाचा म्हणावा, तर मुखरू एकुलता एक.

भरलेला माणूस दोनदा वाळतो कशाने? आमच्या गल्लीतला इसरू असाच वाळत गेला होता, आणि शेवटी त्याची भांडीही वेगळी ठेवत. मी सदरा आईपुढे धरला. शिंप्याने चुकून मोठा शिवला असेल, असं ती म्हणाली, पण माझ्याकडे न पाहता. वडिलांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले की, ठरलेल्या लग्नात खुसपटं काढणाऱ्या मुली जन्मभर माहेरी बसतात. मला इतका संताप आला की, त्या रात्री जेवलेच नाही.

पण विणत राहिले, दुसरं काय करणार? विणता विणता कळलं की, रुखमाबाईंना दुहेरी स्वेटर का हवा होता. लग्नात तो कोटाखाली घातला, की हडकुळं अंगही भरल्यासारखं दिसणार. माझ्याच हातांनी मला फसवायचं चाललं होतं. आणि तरी प्रत्येक टाका सारखा यावा म्हणून माझी धडपड! स्वतःचाच राग यायचा.

ऐन थंडीत मायलेक लग्नाची बोलणी करायला मोटरने आले. चहा झाल्यावर रुखमाबाईंनी स्वेटर मागितला आणि मुखरूला तिथेच घालून दाखवायला सांगितलं. त्याने कोट काढला, सदऱ्यावर विटकरी बाजूने स्वेटर चढवला. मी त्याच्या आत घेतलेल्या सदऱ्याच्या मापाने विणलेला तो स्वेटर त्याच्या अंगावर ढिला लोंबत होता. सगळ्यांनी विणीचं कौतुक केलं, मापाबद्दल कोणी काही बोललं नाही. मग रुखमाबाई हौसेने म्हणाल्या, आता हिरवी बाजू दाखव.

त्याने तो डोक्यावरून काढला, उलटला, पुन्हा हात वर करून आत डोकं घातलं आणि तसाच खाली बसला. डोकं स्वेटरमध्येच, आणि आतून धाप ऐकू येत होती. रुखमाबाईंनी घाईने तो खाली ओढला. मोटरने अंग आंबलं, सकाळपासून उपाशी आहे, असं त्या सांगू लागल्या. वडिलांनी मान हलवली आणि पाणी मागवलं. आई भिंतीकडे बघत होती.

मी दारात उभी होते. आता गप्प राहिले असते तर कायमचीच.

"सदरा दोनदा काऊन आत घेतला, थे सांगा," मी म्हटलं.

वडिलांनी मला आत जायला सांगितलं. मी गेले नाही. मुखरूने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

"छातीचा रोग हाये मले. पावसाळ्यापासून," तो म्हणाला. "मायले म्हटलं होतं, सांगून टाकू. तिनं आयकलं नाई."

रुखमाबाई रडू लागल्या. दवाखान्यात सुया टोचणं चालू आहे, डॉक्टर बरा होईल म्हणतो, पण आपल्या माघारी याला कोण बघेल, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मग वडिलांनी उठून साखरपुड्याचं लुगडं आणून त्यांच्यापुढे ठेवलं. कोणी भांडलं नाही.

निघताना मुखरू स्वेटर काढायला लागला, आणि अर्ध्यावर थांबला.

"हा ठेवू का मी? लय थंडी वाजते," त्याने मला विचारलं.

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. लग्न मोडल्याचा सुटकेचा श्वास मी नुकताच घेतला होता, त्याचीच लाज वाटली.

"लय ढिला झाला तुमाले," मी म्हटलं. "ठेवून जा. उसवून लहान करून देतो."

त्याने स्वेटर पुन्हा खाली ओढला, वर कोट घातला आणि बटणं लावली.

"राहू द्या असाच," तो म्हणाला. "अंग भरलं म्हंजे बरोबर होईन."