मुंगीची आई

...आणि माइकवरच्या काळ्या स्पंजला एक पांढरा केस चिकटलेला — आपलाच असणार, दुसरं कोण एवढं जवळ जाऊन बोलतं — तो तिनं चिमटीत धरला, पण टाकायला जागा सापडेना, म्हणून बोटाला गुंडाळत राहिली. समोर पडदा थांबवलेला. त्यावर मालिकेतल्या डॉक्टरीणबाई, स्वतःच्या घराच्या दाराशी, तोंड अर्धवट उघडं ठेवून उभ्या. तोंड त्यांचं, भाषा परकी. त्यात आपल्या भाषेतला आवाज भरायचा तो हिनं. किती वर्षं भरतेय. त्याही थोड्या पिकल्यात आता, पण पदराआड पिकल्यासारख्या, सुरेख.

"ताई, एकदा अजून घेऊ या?" काचेमागून दिग्दर्शिका म्हणाली. तरुण पोर. "ओठांवर बसतंय बरोबर, पण... तुम्ही नाही आहात त्यात."

"घे बाई."

आज जायला हवं वेळेत. बाळंतपणानंतर मुलगी आजच पुन्हा कामावर गेली आहे आणि संध्याकाळी सरळ माझ्या घरीच येणार आहे. जावई बाळाला घेऊन दुपारीच आलेत, किल्ली त्यांच्याजवळ दिलीय. पण दार मीच उघडणार — सकाळी दात घासताना ठरवलं होतं तिनं. आतून धावत जायचं, कडी काढायची आणि दमून आलेल्या लेकीला त्या नावानं हाक मारायची. ते नाव घरात किती वर्षांत कुणी घेतलेलं नाही.

मुंगी. रांगायची तेव्हा फरशीवर सांडलेली साखर दाणा दाणा टिपायची, म्हणून मुंगी. मग मोठी झाली, कडीला हात पुरेना म्हणून स्टूल ओढत आणायची. बाहेरून आपण म्हणायचं, "मुंगे, दार उघड, आले मी!" — की आत स्टूल खरखरत निघालंच. त्या खरखरीत काय होतं... सगळा दिवस फिटायचा.

आणि तेच वाक्य मी इथं आणून दिलं. कुणी मागितलंही नव्हतं. कागदावर होतं, 'बाळ, दार उघड, मी कामावरून परतले आहे.' ध्वनिमुद्रक दादा हसले होते, "ही घरी आलीय की साक्षीला उभी राहिलीय?" त्या हसण्याच्या भरात तिच्या तोंडून घरचं निसटलं, आणि ओठांवर असं बसलं, असं बसलं, जणू ती परकी बाई आमच्याच दाराशी उभी होती. टाळ्या पडल्या. केवढी खूश झाले होते मी! आता सलतं ते तेच, ते खूश होणं.

मग रोज भागाच्या शेवटी डॉक्टरीणबाई घरी यायच्या. दिवसभर माणसं चिरून-शिवून आलेल्या, पण केसांची बट हललेली नाही, साडेतीन माणसांचं जेवण टेबलावर गरम — ते कुणी केलं, कुणी विचारलं नाही — आणि रिबीन बांधलेली पोर धावत यायची. दार लागायचं, संगीत. दारामागचं कुणी पाहिलं नाही कधी. दुकानात बाया हात धरायच्या: "तुमचा आवाज ऐकला की वाटतं, जमतं हो सगळं." जमतं! आणि ही, गळा तिथं रिता करून, उद्यासाठी जपायचा म्हणून जिना मुक्यानं चढायची, बोटाच्या पेरानं दार वाजवायची. दार नणंद उघडायची. स्टूल कधीच कोपऱ्यात गेलं होतं.

एका संध्याकाळी मात्र दाराशी आठवणीनं ते वाक्य म्हटलं. लेक टीव्हीसमोर मांडी घालून, मान न वळवता म्हणाली, "मला मुंगी नको म्हणू. मुंगी तिथं राहते. तिची आई वेळेवर येते."

"अगं बाई! कार्टीची जीभ बघा!" नणंद हसून हसून लोळली, पुढे आल्यागेल्याला सांगायची. मीही हसले. काय करणार... हसले.

"ताई," काचेमागची पोर अडखळत म्हणाली, "सांगू का? माझी आई बँकेत होती, उशिरा यायची. तुमचा आवाज आला ना, की माझं रडं थांबायचं."

म्हणजे कुठंतरी पोचत होते मी. वेळेवर. दुसऱ्यांच्या घरी.

तिनं डोळे मिटले. पडद्याकडे बघायची गरजच नव्हती — आत, लांबून, स्टूल खरखरत येत होतं — आणि तेच घरचं वाक्य आलं. आपलं आपण.

दादांनी कानावरचे हेडफोन उतरवले. पोर नाक पुसत म्हणाली, "हेच... हेच हवं होतं."

आणि त्याच क्षणी तिला कळलं, संध्याकाळसाठी ठेवलेलं होतं ते संपलं. घड्याळ केव्हाच पुढं निघून गेलं होतं.

घरी पोचली, जिना चढू लागली, तर गळ्यात नुसती राख. पहिल्या वळणाशी असताना वर घंटा वाजली, आणि पाठोपाठ लेकीचा आवाज — थकलेला, तरी हसरा —

"मुंगे, दार उघड, आले मी!"

बाळाला. ज्याला अजून धड बसताही येत नाही, त्याला दार उघड म्हणतेय. पण तोच हेल, 'आले'वरचा तोच हिंदोळा, श्वाससुद्धा तिथंच घेतलेला. कुणाकडून घेतलं असेल हिनं? दाराबाहेर उभ्या राहणाऱ्या त्या दमलेल्या बाईकडून, की त्या दुसरीकडून, जी रोज वेळेवर यायची? वर जाऊन विचारता येईल. मोजक्या पायऱ्या तर आहेत... विचारता येईल.

ती कठड्याला धरून तशीच उभी राहिली. जावयांना उठायला वेळ लागत असावा. लेकीनं पुन्हा हाक घातली, आणि खाली, जिन्याच्या वळणावर, हिचे ओठ हलले — आवाज न करता, त्या आवाजावर अगदी बरोब्बर बसत.