दिवाळीचा फोन

दिवाळीतलं कोवळं ऊन येरवड्याच्या आमच्या ऑफिसच्या काचांवर पसरलं, की मला सुजाताताईंचा आवाज ऐकू येतो: संथ, खालच्या पट्टीतला, पलीकडच्या परदेशी ग्राहकाचा संताप शांतपणे ऐकून घेणारा आणि तरीही कणभर न नमणारा. सारं शहर फराळाला बसलेलं असे, आणि त्या निर्मनुष्य मजल्यावर आमच्या टीमच्या प्रमुख एकट्याच फोन घेत असत.

ही उलटी रीत त्यांनीच पाडलेली. इतरत्र सणाची ड्यूटी नव्या पोरांच्या गळ्यात मारतात. ताई म्हणत, ज्याच्या हाती अधिकार, त्यानं आधी स्वतःची सुट्टी सोडावी. त्या नागपूरच्या, बौद्ध घरातल्या. ‘त्यांना कुठे असते दिवाळी’ असं एका सदाशिव पेठी जिभेनं पुटपुटूनही झालं. सुट्टीत लेकीची वाट पाहणारी नागपूरची आई त्या जिभेला दिसली नाही.

मग एकदा पुण्याच्या सबंध शाखेचं प्रमुखपद पुढे करून डायरेक्टर साहेब आमच्यादेखत त्यांना म्हणाले, की आता ही फोनबिन घ्यायची कामं पोरांवर टाका, या पदाला ती शोभत नाहीत. वर कौतुक असं, की सेवाभाव तुमच्या रक्तातच आहे. वा रे कौतुक! माझी कानशिलं तापली. ताईंनी सावकाश चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला.

“रक्तात काही नसतं, साहेब. माझ्या आजोबांनी गावाची सेवा केली, कारण त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. मला नाही म्हणता येतं. म्हणून मी हे करते.”

साहेबांनी विचार करायला सांगितलं.

“विचार झालाय. फोन माझ्याकडेच राहील. पदाचं तुम्ही बघा.”

पद अर्थातच दुसऱ्याकडे गेलं. मला त्या साहेबांचा राग आला होता, अजूनही येतो. नम्रता म्हणजे खाली घातलेली मान, असं समजणाऱ्या साऱ्यांचाच येतो. ताईंची मान मी कधी खाली पाहिली नाही, टेबलाखाली वाकून कुणाची वायर जोडतानासुद्धा.

आता त्या नागपूरला, आईजवळ असतात. टीम माझ्याकडे आली आहे. काल एका नव्या मुलीनं विचारलं, सर, दिवाळीत तुम्ही का बसता? मी म्हटलं, मला नाही म्हणता येतं, म्हणून. तिला काही कळलं नसावं. कळेल. काळ निघून गेलेल्या माणसांच्या खुर्च्या भरून टाकतो, खुशाल टाको. दिवाळीच्या उन्हात हा फोन वाजतो आणि माझा हात आपसूक पुढे जातो, तोवर सुजाताताई इथून गेल्या हे मी मानणार नाही.