शेवटचा फर्मा

सिनेमा संपेपर्यंत मावशीने दम धरला. कंदीलवाली म्हातारी पहिल्या दहा मिनिटांतच मेली, तेव्हाही ती गप्प बसली. म्हटलं, स्वप्न असेल, उठेल परत. पण मध्यंतर झालं, पॉपकॉर्न संपलं, तरी म्हातारी काही उठायचं नाव घेईना. तिच्या जागी एक राजपुत्र आला होता. त्याचे दात इतके पांढरे होते की धुक्यात कंदिलाची गरजच पडू नये. शेवटची वीस मिनिटं त्याने धुक्यातल्या श्वापदाचे तलवारीने तुकडे केले आणि लोकांनी टाळ्या पिटल्या.

"संपला?" मावशीने सुनेला विचारलं.

"संपला की. छान होता ना?"

"छान? अगं, मुडदा पाडलाय पुस्तकाचा!"

पुढच्या रांगेतली चार डोकी मागे वळली. सुनेने घाईघाईने पर्समध्ये तोंड घातलं आणि तिथे नसलेलं काहीतरी शोधायला लागली.

मावशीचा राग नुसत्या वाचकाचा नव्हता. ती सव्वीस वर्षं पुस्तकांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला होती. छापखान्यातून मोठाले कागद यायचे, एकेका कागदावर सोळा पानं. त्याला तीन घड्या घातल्या की सोळा पानांची एक जुडी होते, तिला फर्मा म्हणतात. फर्मे क्रमाने रचायचे, शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा, झालं पुस्तक. 'धुक्याची वेस' ही एकोणीस फर्म्यांची कादंबरी अठरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा छापून आली, तेव्हा मावशीने ती अशीच वाचली. एक फर्मा हजारो वेळा घडायचा, मग दुसरा. पुढे काय होणार हे कळायला अर्धा-अर्धा दिवस वाट बघावी लागे. घरी गेलं तरी जीव टेबलावरच्या न घडलेल्या कागदांत अडकलेला असे.

गोष्ट अशी होती, की वेशीवरच्या धुक्यातलं श्वापद माणसांची नावं गिळत असे. भले भले शूर शस्त्रं घेऊन गेले आणि स्वतःचं नाव विसरून परत आले. शेवटी कंदीलवाली म्हातारी गेली. श्वापदासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "तुझं नाव काय रे?" हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आणि त्याला नाव नव्हतंच. म्हणून तर ते दुसऱ्यांची गिळत होतं. मग म्हातारीने आपलं नाव त्याला देऊन टाकलं आणि बिननावाची घरी आली.

मावशीला हे वाचून रडू फुटलं होतं. नवरा गेल्यावर ती या कारखान्यात आली, तेव्हा तिशीचीही नव्हती, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांची 'मावशी' झाली. तिचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत उरलं. याचं तिला आत कुठेतरी वाईट वाटायचं. शेवटचा फर्मा वाचला त्या दिवशी ते वाईट वाटणं थांबलं. आता अशा पुस्तकावर कुणी तलवार चालवली तर माणूस गप्प बसेल का?

चित्रपटानंतरच्या सोमवारी तेच पुस्तक पुन्हा कारखान्यात आलं. पाच हजार प्रती, पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी हव्यात. मुखपृष्ठावर तो दातवाला राजपुत्र होता. मावशीने नाक मुरडलं, पण पहिला फर्मा घडून बघितला तर शब्दन् शब्द जुनाच. दुसरा, तिसराही तसाच. 'सिनेमा गेला खड्ड्यात, पुस्तक तर शाबूत आहे,' असं म्हणत ती टेबलावरच्या पोरींबरोबर झपाझप घड्या घालायला लागली.

पुढच्या मंगळवारी दुपारी तिने एकोणिसाव्या फर्म्याचा पहिला कागद घडला, सवयीने उलगडून बघितला, आणि तिचे हात थांबले. म्हातारी वाटेतच मेली होती. पुढची तेरा पानं राजपुत्र, तलवार आणि रक्त. चित्रपटाला जुळावं म्हणून कुणीतरी पुस्तकाचा शेवटच नव्याने लिहून ठेवला होता.

"मावशी, का थांबलात?" मालकांनी काचेच्या खोलीतून विचारलं. मालक तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांना तिने शाळेच्या दप्तरासह याच कागदांच्या गठ्ठ्यावर झोपलेलं पाहिलं होतं.

"हा फर्मा मी घडणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे याला हात लावणार नाही. आणि या पोरींनाही लावू देणार नाही."

मालक बाहेर आले. "अहो, आपण नुसतं बांधणारे. आत काय लिहिलंय ते बघणं आपलं काम आहे का?"

"पान उलटं लागलं तर बघणं आपलंच काम ना? इथे अख्खा शेवट उलटा लागलाय. लेखिकाबाईंना विचारलंय का कुणी?"

"प्रकाशकांनी विचारलंच असेल."

"असेल, की विचारलंय?"

मालकांनी मान खाजवली. मग आवाज चढवला. "हे बघा, गुरुवार चुकला तर हे प्रकाशक उद्या दुसऱ्या दारात जातील. मग मला नाइलाजाने तुम्हाला घरी बसवावं लागेल."

मावशीने हातातला कागद टेबलावर ठेवला. घरी बसून करायचं काय? पण आज मागे सरलो, तर पाच हजार घरांत खोटा शेवट जाणार, आणि खऱ्याची आठवण ठेवणारं कुणी उरणार नाही, हेही तिला लख्ख दिसत होतं.

"बसवा," ती म्हणाली, "पण आधी एक फोन करू द्या."

लेखिकाबाईंचा नंबर जुन्या मालकांच्या, म्हणजे मालकांच्या वडिलांच्या, वहीत तक्रारींच्या पानावर होता. त्यालाही कारण मावशीच. अठरा वर्षांपूर्वी वाचण्याच्या नादात तिने चाळीस प्रतींत सातवा फर्मा उलटा लावला होता, आणि नेमकी त्यातली एक बाईंच्याच हाती पडली होती. बाईंनी फोनवर आग पाखडली. मावशीने खरं ते सांगून टाकलं, की वाचत होते म्हणून चुकलं. त्यावर बाई खो खो हसल्या होत्या.

आता बाई ऐंशीच्या, कानांनी अधू. फोन बराच वेळ वाजला.

"कोण?"

"बाइंडिंगमधली मावशी! सातवा फर्मा उलटा लावणारी!"

"अगं बाई! आता काय उलटं लावलंस?"

"मी नाही लावलं, बाई. राजपुत्राने श्वापदाला मारलंय."

"कुठला राजपुत्र?" बाईंनी विचारलं.

मावशीने रिसीव्हरवर हात ठेवला आणि मालकांकडे पाहिलं. "त्यांना माहीतच नाही."

तासाभरात बाई काठी टेकत टॅक्सीतून उतरल्या. पाठोपाठ प्रकाशक आले. मालकांनी घाबरून त्यांनाही फोन केला होता. तरुण माणूस, वडिलांची गादी नुकतीच मिळालेली, गॉगल कपाळावर.

"बाई, अहो, शेवट थोडासाच बदललाय," ते म्हणाले. "करारावर तुमची सही आहे."

"सिनेमाच्या करारावर. सिनेमात ते माकडं नाचवू देत, मी बघायलाही गेले नाही. पुस्तकाला हात लावायला कुणी सांगितलं? मला तर म्हणालात, फक्त मुखपृष्ठ बदलतोय."

"तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून... आणि खरं सांगू का? त्या कंदीलवालीची कुणाला आठवण आहे आता? आजच्या लोकांना लढाई लागते. म्हातारी बसून गप्पा मारते, हा काय शेवट झाला?"

मावशीचं डोकंच फिरलं. ती टेबलामागून पुढे आली आणि बोलायला लागली. वाचून नाही, तोंडपाठ. म्हातारी कंदील खाली ठेवते तिथपासून सुरुवात केली. आधी तिचा आवाज बारीक होता, मग तो लागला. शिलाईचं यंत्र थांबलं. पुठ्ठे चिकटवणाऱ्या दोघी खळीचे ब्रश हातात धरून उभ्या राहिल्या. श्वापद म्हणालं, "मला नाव नाही," तिथे मावशीने श्वास घेतला, तर शिलाईवाली, जिने हा चित्रपट दोनदा पाहिला होता, ओरडली, "मग? पुढे? थांबू नका ना मावशी!"

मावशी थांबली नाही. शेवटच्या ओळीपर्यंत गेली: 'गावात तिला पुन्हा कुणी नावाने हाक मारली नाही, आणि तरी कुणीही हाक मारली की ती वळायची.'

ब्रशांवरची खळ सुकून गेली होती. मालक नाक ओढत होते आणि सर्दी झाल्याचं दाखवत होते.

"हे सिनेमात का नाहीये?" शिलाईवाली रागाने म्हणाली, आणि तिने थेट प्रकाशकांकडे पाहिलं. तिच्याबरोबर आणखी सात बायकांनी पाहिलं. प्रकाशकांचा गॉगल कपाळावरून घसरून नाकावर आला.

"हा शेवट लिहिला," बाई हळूच म्हणाल्या, "तेव्हा वाटलं होतं, कुणाला पटायचा नाही." त्यांनी मावशीचा हात घट्ट धरला. मग प्रकाशकांकडे वळल्या आणि आवाज एकदम खणखणीत झाला. "एकोणिसावा फर्मा होता तसा छापा. नाहीतर या पुस्तकावरून माझं नाव काढा, आणि का काढलं ते मी गावभर सांगेन."

प्रकाशकांनी मालकांकडे पाहिलं. मालक म्हणाले, "आम्ही गुरुवारपर्यंत करून देऊ. मावशी म्हणतात तोच फर्मा मात्र."

प्रकाशकांनी गॉगल खिशात घालून छापखान्याला फोन लावला, आणि खरा फर्मा बुधवारी सकाळी छापून आला. तेव्हापासून गुरुवारी दुपारपर्यंत अख्खा कारखाना टेबलाशी होता. मालकांनीसुद्धा बाह्या सरसावल्या, आणि त्यांच्या घड्या वाकड्या येतात म्हणून मावशीने त्यांना नुसते गठ्ठे उचलायला लावले. राजपुत्राचे पाच हजार कागद चुरगाळून खोक्यांच्या तळाशी घातले, पुस्तकांचे कोपरे दुमडू नयेत म्हणून. कामाला आला एकदाचा.

दुपारी ट्रक भरला. ट्रकवाल्याने एका खोक्यावरचं चित्र बघून शीळ घातली.

"हे त्या सिनेमाचं ना? काय शेवट आहे राव! एका घावात मुंडकं!"

"तो शेवट यात नाही," मावशी म्हणाली.

"असं कसं? मी पाहिलाय."

मावशीने तपासणीसाठी काढलेली एक प्रत उचलली, शेवटची सोळा पानं उघडली आणि त्याच्या हातात दिली. "हे पाहिलंय?"

तो हसत हसत ट्रकमध्ये चढला, पुस्तक स्टिअरिंगवर टेकवलं, इंजिन सुरू केलं. मालकांनी फाटक उघडलं. ट्रक हलेना. मालकांनी हात केला, मग हाक मारली. मागे दुसऱ्या गाडीत बसलेल्या प्रकाशकांनी भोंगा वाजवला, एकदा, दोनदा, मग दाबूनच धरला.

ट्रकवाल्याने वर न बघता खिडकीतून हात बाहेर काढला.

"ओ, थांबा की जरा! म्हातारी आत्ता कुठे त्याच्यासमोर बसलीये."