जड बाजू

जिन्यावरून कपाट उतरवताना सगळा भार खालच्या माणसावर येतो. वरचा नुसता तोल सांभाळतो. आम्ही दोघा भावांनी उभा जन्म लोकांचं सामान हलवण्यात घालवला, पण दादानं जड बाजू मला कधी धरू दिली नाही. "तू लहान आहेस," म्हणायचा. माझे केस पांढरे झाले तरी मी लहानच.

मग त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाली. रोग आटोक्यात राहिला, पण दादाचे दंड उतरले, पोट सुटलं, दुपारी बसल्या जागी डोळा लागू लागला. त्याची त्याला फिकीर नव्हती. फिकीर वहिनीची होती. पक्षाघाताच्या झटक्यानंतर तिचे पाय गेलेले. सकाळी तिला पलंगावरून उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हे काम त्याचं. एके दिवशी ती त्याच्या हातून निसटली. पलंगावरच पडली म्हणून लागलं नाही, पण मुलीच्या कानावर गेलंच.

"बाबा, तुम्हाला नाही झेपणार आता. आईला रुग्ण सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवू या," ती फोनवर म्हणाली. दादानं फोन ठेवून दिला.

दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्याला व्यायाम नेमून दिला. रोज भरभर चालायचं, हात न टेकता खुर्चीतून उठायचं-बसायचं आणि वजनं उचलायची.

"उचलून कुठं न्यायची?" दादानं विचारलं.

"कुठंच नाही. परत तिथंच ठेवायची."

"मग उचलायची कशाला?"

बाई हसल्या नाहीत. "या औषधांनी स्नायू झिजतात, थकवा येतो. व्यायामानं रोग जाणार नाही, पण ताकद टिकेल, थकवा कमी होईल. नेमानं केलात तर."

दादानं नेमानं केलं. मी सोबतीला जायचो आणि चेष्टा करायचो. "एवढी उचल-ठेव फुकटात? मजुरी कोण देणार?"

"तोंड चालवू नकोस, पाय चालव."

वहिनी खिडकीजवळ मांडीवर ताट घेऊन आमची मजा बघायची. खिडकीत एक भटकं मांजर येऊन बसे. दिवसेंदिवस ते असं फुगत चाललं होतं, की मी म्हटलं, खरा व्यायाम याला लावा.

फरक पडला, हे खोटं नाही. दादाची दुपारची पेंग गेली. तो जिना न थांबता चढू लागला, माझ्यावर पुन्हा खेकसू लागला. आणि वहिनीला तर अलगद उचलू लागला. त्यानं मुलीला मुद्दाम फोन केला, "संस्थेचं नाव काढायचं नाही."

एकदा इंजेक्शनच्या दिवशी त्याला दवाखान्यात उशीर झाला, म्हणून वहिनीला पलंगावर न्यायला मी गेलो. तिच्या पाठीखाली हात घालून उचललं आणि तसाच थांबलो. बंद कपाट भरलेलं आहे की रिकामं, हे आमच्या हातांना उचलताक्षणी कळतं. हे कपाट कुणीतरी आतून रिकामं केलं होतं.

"वहिनी, जेवता की नाही तुम्ही?"

तिनं मांजराकडं पाहिलं. मला असा राग आला, की ते मांजर उचलून फेकावंसं वाटलं.

"भावोजी, यांना सांगू नका. यांना वाटतंय, ताकद परत आली. मला इथंच राहायचंय हो."

तेवढ्यात दादा आला. अजून ती माझ्याच हातात. "सरक," म्हणत त्यानं तिला माझ्याकडून घेतलं आणि हसला. तसा तो आजारपणाआधी हसायचा. मला ते सोसवेना.

"दादा, तुझी ताकद नाही वाढली एवढी. ही हलकी झालीय. उपाशी राहून."

तो तिला घेऊन तसाच उभा राहिला. मग सावकाश पलंगावर ठेवलं, मांजराला हाकललं, खिडकी लावली आणि ताट वाढून आणलं. शेवटचा घास संपेपर्यंत तो समोरून हलला नाही.

"मी जड झाले तर?" वहिनीनं विचारलं.

"खुशाल जड हो. नाहीतर उठाबशा कशाला काढतोय मी?" म्हणाला खरा, पण डोळे पुसत होता.

वहिनी भरू लागली. गालांवर रंग आला. दादानं व्यायाम वाढवला, बाईंना विचारून वजनंही वाढवली. मी मनातल्या मनात दोघांची शर्यत बघत होतो आणि कुणाच्या बाजूनं राहावं, ते मला कळत नव्हतं.

एका सकाळी त्यानं मला बोलावून घेतलं. दोघं पलंगावर शेजारी शेजारी बसली होती. दादाची मान घामानं भिजलेली.

"नाही उचलली गेली," तो म्हणाला.

"पोरीला फोन लावा," वहिनी खाली बघत म्हणाली. "जाईन मी संस्थेत."

दादानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. हात न टेकता उठला, जसं रोज उठायचा तसा. वाकून त्यानं वहिनीचे पाय धरले. माझ्याकडं न बघता म्हणाला,

"धाकट्या, जड बाजू तू धर."

मी वहिनीच्या काखेत हात घातले. त्यानं पाय उचलले. तेवढे त्याला पेलत होते.