फळ्यावरचा भाव

"आता जे सांगतो, त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, जावईबापू. बसला तर मलाच कमीपणा वाटेल," म्हणत तात्यांनी पाय खुर्चीवर घेतले. "आमच्या मोटार कंपनीचा शेअर माझ्या खडूवर चालायचा."

"झालं सुरू," आतल्या बोळातून, शिवणयंत्राच्या खडखडाटावरून भावजय म्हणाली.

धाकट्या भावाचे नवे जावई लग्नानंतर पहिल्यांदाच जेवायला आले होते. संगणकावर कसलंसं काम करतात, एवढंच तात्यांच्या कानावर होतं. नवा कान मिळाला की तात्यांच्या जिभेला खाज सुटते, हे घरातल्या भांड्यांनाही ठाऊक.

"दुपारी बाजार बंद झाला की ऑफिसातून मला फोन. मी कॅन्टीनच्या दारातल्या फळ्यावर बंद भाव लिहायचो. एकदा ऐन लिहिताना शिंक आली, हात सरकला आणि एकाचा नऊ झाला. पुसणार, तोच पुन्हा फोन. म्हणे तात्या, शेवटच्या मिनिटाला भाव चढला, एक खोडा, नऊ करा. दुसऱ्या दिवसापासून निम्मे कामगार खिशात तपकीर घेऊन यायला लागले. माझ्या नाकाखाली धरायला."

"मागच्या खेपेला उचकी होती, तात्याकाका," पुतणी म्हणाली.

"उचकी मंदीला. तेजीला शिंक."

जावई मनापासून हसले. धाकटा भाऊही हसला. त्याला तात्या अजून बारक्याच म्हणत, जरी बारक्याचं पोट त्याच्या आधी खोलीत शिरत असे. तात्या मात्र हसण्याआधी एकदा बोळाकडे बघून घेत. त्या अरुंद बोळात, न्हाणीच्या झरोक्यातून येईल तेवढ्या उजेडात, भावजय वर्षानुवर्षं शिवत बसलेली. तिच्या पाठीला आलेला बाक बघितला की तात्यांची नजर आपोआप जमिनीकडे जाई. म्हणूनच ते इतकं बोलत. गप्प बसलेल्या माणसाला तोंड लपवायला जागा नसते.

फळा खरा होता, खडू खरा होता, फोनही खरा. खोटा होता तो भाव.

मोटारीचा शेअर म्हणजे जातीचा चंचल. ब्रेकबद्दल कुणी कुजबुजलं की आपटला, नव्या गाडीचं चित्र छापून आलं की उसळला. आज बारा रुपये वर, उद्या पंधरा खाली. कंपनीने बोनसऐवजी शेअर वाटलेले, त्यामुळे प्रत्येकाचा जीव त्या फळ्यात. भाव पडला की लोक असे बघत, जणू तात्यांनीच तो जिन्यावरून ढकलला. "हात जड झाला का रे आज?" म्हणत आणि ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जात. तात्यांना सगळं चालायचं, एकट्याने जेवणं चालायचं नाही.

मग एके दिवशी भाव पंधराने पडला आणि तात्यांनी पाचने उतरवला. उरलेली पडझड हप्त्याहप्त्याने. तेजी आली की थोडी खिशात ठेवायची, मंदीला ती काढून खर्चायची. बघता बघता उधळलेलं खोंड फळ्यावर गरीब गाय झालं. लोक म्हणू लागले, आपला शेअर बाकी संसारी हो. वर्तमानपत्रातले भाव मुंगीच्या अक्षरात छापलेले, ते वाचायची तसदी कोण घेणार? शेअर विकून कुणाच्या हाती कमी पैसे आलेच, तर तो दलालाला शिव्या घालून मोकळा व्हायचा. तात्यांच्या टेबलावर पुन्हा गर्दी झाली.

पुढे कंपनीच्या गाड्यांची चाकं निखळायची भानगड निघाली. शेअर रोज पडू लागला आणि तात्यांचा खिसा रिकामा झाला. तरी ते रोज दोन रुपयेच उतरवत राहिले. अशात रंगखात्यातला बारक्या कोपरापर्यंत रंगलेल्या हातांनी येऊन विचारता झाला, "तात्या, विकून टाकू का? हिच्या शिवणकामाच्या दुकानाला गाळा बघून ठेवलाय."

भोवती टेबल भरलेलं होतं. खरं सांगायचं तर सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं.

"फळा बघ की," तात्या म्हणाले. "दोन रुपयांनी कोण भितं?"

बारक्याने फळा बघितला आणि मान डोलावली. पुढे मोठे साहेब कॅन्टीनमध्ये शेअरबद्दल बोलायला येणार असं कळलं, तेव्हा तात्यांनी एका हाताने दोनशेच्या आसपासचा आकडा पुसला आणि दुसऱ्या हाताने शंभराच्या आतला लिहिला. एका दिवसात. गाळा दुसऱ्याने घेतला.

"शिंकेने भाव चढायचा ना, भावोजी?" बोळातून आवाज आला. "मग आमच्या वेळी कुठे सर्दी गेली होती? यांनी तर विकायच्या वेळीच ताणून दिली."

"नशीब आपलं," बारक्या नेहमीसारखं म्हणाला. इतकी वर्षं हा टोमणा तो असाच अंगावर घेत आला होता, तात्यांच्या वाटचा. वर दर रविवारी पहिलं ताटही तात्यांनाच वाढायला लावायचा.

तात्या सवयीने गोष्टीकडे वळले. "त्याला कशाला बोलतेस? एका दिवसात कोसळला तो. सकाळी दोनशे, दुपारी शंभर. उडी मारायलाही कुणाला वेळ मिळाला नाही."

"एका दिवसात नाही, काका," जावई उत्साहाने पुढे सरसावले. आपल्यालाही बोलायला विषय मिळाला, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "शेअरचा भाव रोज किती हेलकावे खातो, हेच मोजायचं आमचं काम. नव्या माणसाला शिकवायला आम्ही तुमच्याच कंपनीचे जुने भाव देतो, इतका नाचरा शेअर. तो तीन आठवडे पडत होता. कधी पाच, कधी वीस. रोज."

शिवणयंत्र थांबलं.

"संगणकाला काय कळतंय," तात्या म्हणाले. त्यांना स्वतःचाच आवाज दुसऱ्या कुणाचा वाटला.

"तीन आठवडे," बारक्या हळूच म्हणाला. "म्हणजे विकायला वेळ होता?"

"भरपूर," जावई म्हणाले आणि बायकोने कोपर मारल्यावर गप्प झाले.

भावजय बोळाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली होती. गळ्यात माप घ्यायची फीत तशीच. तात्यांना त्या खोलीत बघायला जागाच उरली नाही.

"अरे, फोन कसला होता तो," ते भराभर बोलू लागले. "नुसती खरखर. वीस म्हणाले की दोन ऐकू यायचं. मी बापडा जे कानावर पडेल ते लिहायचो. शप्पथ, बारक्या."

बारक्याने त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर तात्यांनी तोही हसण्यावारी नेला असता.

"खरखर असती तर कधी चुकून जास्तही पडला असता, तात्या," तो म्हणाला. "तुझा भाव तीन आठवडे न चुकता दोन रुपयेच उतरला. तू खोटं बोलतोयस."